कुत्र्याचं आडनाव

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कुत्र्याचं आडनाव बदलतं. कागलकडं जो ‘कारवान’ असतो, तो निपाणीत शिरेपर्यंत ‘मुधोळ’ झालेला असतो. कुत्रं तेच. तेच लांबुडकं तोंड, तीच खोल छाती, कमरेपाशी तसंच आत ओढलेलं पोट आणि लांबून मोजता येतील अशा बरगड्या. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकानं मालकाला विचारायचा प्रश्नही दोन्हीकडं तोच : “खायला घालत न्हाईसा काय वो ह्याला?”

मालक बिचारा ज्वारीच्या कण्या घातलेली अंबील, दूध, आठवड्याला अंडी असा हिशेब सांगतो. ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. कुत्रं मात्र तोवर दुसरीकडं बघत असतं. अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला या जातीला खपत नाही, आणि आपल्या आहारावर चर्चा झालेलीही खपत नसावी.

आता एका जनावराला दोन नावं असली तर बिघडलं कुठं, असं पुण्या-मुंबईचा माणूस म्हणेल. त्याला म्हणू द्यावं. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात नाव ही हलक्यानं घ्यायची गोष्ट नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हापासून इथल्या दुकानावरच्या पाटीत कुठलं अक्षर वर आणि कुठलं खाली यावर माणसं रक्त आटवत आली आहेत. महाजन आयोग झाला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी दप्तरात ‘बेळगावी’ झालं. एका वेलांटीचा फरक, पण त्या वेलांटीवर जेवढी शाई आणि घसा खर्ची पडला तेवढ्यात एखादं धरण बांधून झालं असतं. निपाणीला खेटून असलेलं देवचंद कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात. पोरं तिथं महाराष्ट्रात परीक्षेचा पेपर सोडवतात आणि तो अवघड गेल्याचं दुःख कर्नाटकात येऊन चहाबरोबर गिळतात. अशा मुलखात कुत्र्याला दोन नावं असणं म्हणजे कुत्र्यानं राजकारणात पडण्यासारखंच आहे.

माझ्या कागलच्या आतेभावानं हे असलं पिल्लू आणायचं ठरवलं आणि भाषेची मदत म्हणून मला मोटारसायकलवर मागं बसवलं. माझं कन्नड बाजारहाटापुरतं. टोमॅटोचा दर मी बिनचूक विचारू शकतो, कुत्र्याचा कधी विचारला नव्हता. चिकोडी, मग उसाच्या ट्रॉल्या चुकवत महालिंगपूर आणि पुढं घटप्रभेच्या काठाचा तो मुधोळ तालुका. एका वस्तीवर शेतकरी दारातच उभा होता. माझी वाट न बघता आतेभावानं गाडीवरूनच कागली मराठीत आवाज टाकला, “कुत्र्याचं पिल्लू हाय काय, मालक?”

“नायि ऐत्री!” मालक आनंदानं म्हणाले.

आतेभावानं गाडी वळवायला घेतली. “नाय म्हणतोय,” तो माझ्याकडं बघून पुटपुटला. “एवढ्या लांबून आलो, आणि हसून नाय म्हणतोय.” कन्नडमध्ये ‘नायि’ म्हणजे कुत्रं आणि ‘ऐत्री’ म्हणजे आहे की हो, हे मी त्याला समजावून सांगेपर्यंत गाडीचं तोंड परत कागलकडं झालेलं होतं. सीमाभागात मराठी-कन्नड गैरसमज कसे होतात यावर विद्यापीठात प्रबंध लिहितात. मी ते गैरसमज होताना गाडीच्या मागच्या सीटवरून पाहिले आहेत.

पिल्लू आणलं. पहिली लस तिकडंच टोचलेली होती आणि त्या कार्डावर जातीच्या रकान्यात ‘मुधोळ’ लिहिलं होतं. पुढची लस कागलच्या बाजूला टोचली. तिथल्या डॉक्टरांनी नवं कार्ड केलं आणि त्याच रकान्यात ‘कारवान’ लिहिलं. आधार कार्डावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं, हा सीमाभागातल्या माणसाचा भोग त्या पिल्लाच्या वाट्याला वयाच्या तिसऱ्या महिन्यातच आला. आतेभावानं दोन्ही कार्डं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फडताळात ठेवली. “कुठल्या राज्याची चौकशी येईल सांगता येत न्हाई,” म्हणाला.

यातलं खरं नाव कुठलं, यावर त्याच्या घरासमोरच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी खल चालतो. एका बाजूला, कुत्र्याला कर्नाटकातल्या गावाचं नाव कशाला द्यायचं, हा स्वाभिमानी पक्ष. दुसऱ्या बाजूला निपाणीहून येणारे-जाणारे. दोघांनाही एक गंमत ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सोयीची नाही.

मुधोळ हे संस्थान होतं आणि संस्थानिक होते घोरपडे, म्हणजे मराठेच. प्रजा कन्नड, गादी मराठी. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५६ ला कर्नाटकात गेलं, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. म्हणजे ‘मुधोळ’ म्हटल्यानं मराठी बाणा बुडायचं काही कारण नाही. पण तेवढ्यावर छाती फुगवायचीही सोय नाही. १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात पुढं होता तो बाजी घोरपडे मुधोळचाच, आणि १६६४ ला शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्याचा हिशेब चुकता केला. उलट कन्नड माणसानं मुधोळवर हक्क सांगावा तर त्याच्याकडं रन्न आहे. दहाव्या शतकातला, ‘गदायुद्ध’ लिहिणारा कन्नड महाकवी रन्न मुधोळचा. त्या काळी गावाचं नाव ‘मुदुवोळल’. तेव्हा घोरपडे नव्हते, संस्थान नव्हतं, सीमाप्रश्न तर नव्हताच. कुत्री असणार. कुत्री कुठं नसतात?

घोरपडे हे नावही ऐकण्यासारखं आहे. खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, बहामनी फौजेला काही केल्या मिळेना. तेव्हा घराण्याच्या पूर्वजांनी घोरपडीला दोर बांधून ती कड्यावर चढवली, त्या दोरावरून माणसं वर गेली, किल्ला पडला आणि ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब मिळाला, अशी घराण्याची परंपरा सांगते. घोरपडीनं किल्ला घेतल्याची गोष्ट आपल्याकडं एकाहून जास्त गडांवर सांगतात. मला स्वतःला घोरपडीच्या शिस्तीची खात्री वाटत नाही. पण गोष्ट खरी धरली तर हिशेब असा होतो, की माणसानं आडनाव घेतलं जनावराकडून आणि जनावराला आडनाव दिलं स्वतःच्या गावाचं. व्यवहार फिटला.

हे दुसरं आडनाव कसं पडलं त्याची कथा मुधोळात कुणीही सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गादीवर असलेले मालोजीराव घोरपडे यांना आसपासच्या बेरडांकडं आणि शेतकऱ्यांकडं असलेली ही शिकारी कुत्री फार आवडायची. त्यांनी त्यांची पैदास नीट बसवली, आणि विलायतेला गेले तेव्हा पाचव्या जॉर्जला एक जोडी नजर केली. राजा खूश झाला, नाव त्यानंच दिलं. मुधोळचे हाउंड म्हणून जगानं त्यांना ओळखायला सुरुवात केली ती तिथून.

मला यात महत्त्वाचा वाटतो तो नाव देणारा. पाचव्या जॉर्जला आडनावं बदलायचा अनुभव होता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात जर्मन म्हणून जे जे असेल त्यावर लोक खवळले आणि घोटाळा असा, की खुद्द राजाच्या घराण्याचं नाव सॅक्स-कोबर्ग-गोथा असं अस्सल जर्मन होतं. १९१७ साली त्यानं ते टाकलं आणि आपल्या किल्ल्याच्या गावावरून नवं घेतलं, विंडसर. मराठीत सांगायचं तर राजा ‘विंडसरकर’ झाला. ज्यानं स्वतःला गावावरून ‘कर’ लावून घेतलं, त्यानं भेट आलेल्या कुत्र्याला ‘मुधोळकर’ केलं, तर आश्चर्य ते काय!

त्याच युद्धाच्या तडाख्यात एका दुसऱ्या कुत्र्याचं आडनाव गेलं, आणि ती हकिगत तर निपाणीच्या स्टँडवर फलकावर लिहून लावावी अशी आहे. जर्मन शेफर्ड. नावातच जर्मन. इंग्लंडात असलं कुत्रं पाळणं म्हणजे घरात शत्रू पाळणं. कुत्रं तर हवं होतं. मग १९१९ साली तिथल्या केनेल क्लबानं त्याची नोंद ‘अल्सेशियन’ म्हणून केली. अल्सेस हा फ्रान्स आणि जर्मनीच्या मधला सीमाभाग. १८७१ ला जर्मनीकडं गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडं आला, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जर्मनांनी गिळला आणि पुन्हा फ्रान्सकडं परतला. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्यानं घर न सोडता चार वेळा देश बदलला असेल. कुत्र्याचा त्या अल्सेसशी खास संबंध काही नव्हता. ज्या वादग्रस्त पट्ट्याचा नक्की मालक कोण हे सांगता येत नाही, त्याचं नाव लावलं की कुणाला राग येत नाही, एवढाच हिशेब. असलं डोकं आमच्याकडंही चालतं. घरी कुठली भाषा बोलता, असं ऑफिसात विचारलं की आमच्याकडची शहाणी माणसं ‘बेळगावची’ म्हणून मोकळी होतात.

इंग्लंडात ते नाव १९७७ पर्यंत अधिकृतपणे चिकटून राहिलं, मग जर्मन शेफर्ड परत आलं. बेळगावच्या कॅम्पात आणि टिळकवाडीतल्या जुन्या बंगल्यांतून मात्र अजून ‘अल्सेशियन’च आहे, आणि फाटकावरच्या पाटीला रंग नवा असला तरी शब्द जुनाच आहे. ‘जर्मन शेफर्ड’ म्हणणारे हे अलीकडचे, अपार्टमेंटमधले. तसं बघितलं तर या जातीच्या मूळपुरुषाचंही नाव बदललेलंच होतं. १८९९ साली स्टेफानिट्झ नावाच्या जर्मन कॅप्टननं जो कुत्रा विकत घेऊन ही जात उभी केली त्याचं नाव हेक्टर. कॅप्टननं घरी नेल्या नेल्या त्याचं होरांड केलं. लग्नात नवरीचं नाव तांदळात लिहून बदलायची पद्धत आपल्याकडची. जर्मनीत ती कुत्र्याला लावत होते.

बाकी बेळगावच्या बंगल्यांतली कुत्री बघत गेलं तर हा आडनावांचा घोळ संपत नाही. लॅब्राडोर हा लॅब्राडोरचा नाही, शेजारच्या न्यूफाउंडलंडचा. कॅनडानं २००१ साली प्रांताच्या नावातच दोन्ही नावं जोडून तो वाद मिटवला. डॉबरमन हा तर गावाचा नाहीच, माणसाचा. जर्मनीतल्या आपोल्डा गावी डॉबरमन नावाचे गृहस्थ करवसुली करत. वसुलीला जाताना बरोबर असावा म्हणून त्यांनी असा कुत्रा तयार केला, की दार उघडणाऱ्यानं चर्चा न करता पाकीट काढावं. आमच्याकडच्या पतसंस्थांनी त्यांचा फोटो लावायला हरकत नाही. आणि शहापुरात साड्यांच्या दुकानाबाहेर गल्ल्याशेजारी बसलेला तो पांढरा, चिडका पॉमेरियन. तो पोमेरेनियाचा. हा प्रांत बाल्टिक समुद्राकाठी, आज अर्धामुर्धा पोलंड आणि जर्मनीत वाटला गेलेला. स्लाव्ह भाषेत ‘पो मोरे’ म्हणजे समुद्रालगत, त्यावरून प्रांताचं नाव. मराठीत अर्थ काढला तर पॉमेरियन म्हणजे ‘कोकणे’. हे कळल्यापासून त्याचं ते एका दमात, उंच सुरात, मुद्दा सोडून भांडणं मला समजू लागलं आहे. (माझं आजोळ मालवणचं. मला एवढं म्हणायची मुभा आहे.)

मुधोळचं सांगून झालं, कारवान राहिला. स्वाभिमानी पक्ष ज्या शब्दाला मराठी म्हणून छातीशी धरून बसला आहे तो फारसी. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. वायव्येकडून उंट-घोडे घेऊन तांडे दक्षिणेत उतरायचे, त्यांच्याबरोबर राखणीला आणि वाटेतल्या शिकारीला ही कुत्री असायची, ती इथं राहिली, म्हणून ‘कारवानी’. बांधा बघितला तर अरबस्तानातल्या सालुकीचा चुलतभाऊ शोभतो, तेव्हा कथेत तथ्य असावं. गावाकडं ‘करवान’, ‘करवानी’, ‘कारवान’ असं ज्याच्या जिभेला जे येईल ते म्हणतात. इंग्रजांनी हाच शब्द उचलून ‘कॅराव्हॅन’ केला, आणि मग आळसानं त्याचं शेपूट तेवढं ठेवलं : व्हॅन. म्हणजे कोल्हापूर-निपाणी रस्त्यावर माणसं कोंबून धावणारी जी व्हॅन आम्ही वडाप म्हणून वापरतो, तिचं आणि या कुत्र्याचं मूळ एकच. दोघंही एकदा सुटले की मधे थांबत नाहीत. फरक एवढाच की वडापवाल्याच्या बरगड्या दिसत नाहीत.

याच जातीत एक केसाळ पोटजात असते. कानाला आणि शेपटीला रेशमासारखी झालर. तिला सोलापूर-लातूरकडं ‘पश्मी’ म्हणतात. फारसीत ‘पश्म’ म्हणजे लोकर. पश्मिना शाल तिथलीच. मला या सगळ्या नावांत हे नाव सगळ्यात प्रामाणिक वाटतं. कारण ‘कारवान’ म्हणणाऱ्यानं कुत्रं रस्त्यावर लांबून पाहिलं, ‘मुधोळ’ म्हणणाऱ्यानं वाड्याच्या सज्जातून पाहिलं, ‘हाउंड’ म्हणणाऱ्या साहेबानं तर आपल्या भाषेत फक्त कुत्रं असंच म्हटलं. ‘पश्मी’ म्हणणाऱ्यानं निदान त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. (अनोळखी असून हात फिरवला असेल तर तो हात पुढं किती दिवस बांधून ठेवावा लागला, याची नोंद भाषाशास्त्रात नाही.)

सरकार-दरबारीही एकमत नाही. २००५ साली पोस्टानं भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हिमालयन शीपडॉग, रामपूर आणि राजापालयम यांच्या पंगतीला हा ‘मुधोळ हाउंड’ म्हणून बसला. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदवहीत तो ‘कॅराव्हॅन हाउंड’ आहे. इंडियन नॅशनल केनेल क्लबात परत ‘मुधोळ’. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं खास या कुत्र्यासाठी केंद्र आहे, तिथं दुसरं नाव काढायची सोयच नाही. तिथली पिल्लं मेरठला लष्कराच्या प्रशिक्षणाला गेली. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र हाताशी असताना पिल्लं मेरठला का पाठवली, असं आमच्या कट्ट्यावर एकानं विचारलं होतं. श्वानपथकाचं काम तिथं चालतं, असं सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे आता हिंदी शिकावं लागणार त्याला.” सीमाभागात जन्मलेल्याला तिसरी भाषा चुकत नाही.

मग राजकारण आलं. २०१८ च्या विधानसभा प्रचारात जमखंडीच्या सभेत पंतप्रधानांनी देशभक्तीचा धडा म्हणून मुधोळच्या कुत्र्यांचा दाखला विरोधकांना दिला, आणि २०२० च्या ‘मन की बात’मध्ये देशी जातींची नावं घेताना पुन्हा मुधोळचं नाव घेतलं. त्या दिवसापासून कारवानवाल्यांची जरा पंचाईत झाली. आतेभावानं तर फडताळातली दोन्ही कार्डं काढून मुधोळचं वर ठेवलं. पुढं महिन्याभरानं जिल्हा परिषदेची हवा बदलली तेव्हा कारवानचं वर आलं. मी विचारलं तर म्हणाला, “कुत्रं माझं हाय की. आडनाव गरजंप्रमाणं.”

या सगळ्या गडबडीत ज्याला आडनावच नाही तो गल्लीतला कुत्रा बाजूला राहतो. त्याला आपण ‘गावठी’ म्हणतो, गाव कुठलं ते न सांगता. साहेबानं त्याला ‘पराया’ म्हटलं, म्हणजे तमिळनाडूतल्या एका समाजाचं नाव उचलून हेटाळणीसाठी कुत्र्याला लावलं. माणसाचाही अपमान आणि कुत्र्याचाही. तो शब्द आता मागं पडतोय ते बरंच आहे. शहरातली प्राणिप्रेमी पोरं हल्ली त्याला प्रेमानं ‘इंडी डॉग’ म्हणतात. इंडियन, म्हणून इंडी.

आमच्या शेजारच्या मास्तरांची नात बेंगळुरूहून सुटीला आली. तिनं गल्लीतलं एक तांबूस पिल्लू उचललं, न्हाऊ घातलं, गळ्यात पट्टा घातला आणि सगळ्यांना सांगत सुटली, इंडी आहे, इंडी आहे. मास्तर पोर्चमध्ये पेपर वाचत होते. चष्मा वर करून त्यांनी पिल्लाकडं नीट पाहिलं.

“इंडीचं? विजापूरच्या फुडलं इंडी?”

“हो आजोबा, इंडी.”

“एवढ्या लांबनं कुत्रं कशाला आणलीस, बाई? लिंबं आणायचीस. तिथली लिंबं चांगली असतात.”